गुण्या

आगटे साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला
आणि गुंडाळी होऊ नये म्हणून कडांवर चार वाट्या ठेवल्या.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन,
रेघ अशी, की तिच्यावर पेन्सिल टेकवायलाही संकोच वाटावा.
मी म्हटलं, कपाट आहे का हे?
म्हणाले, पांचाळ, हा कर्णा आहे. घडी घातलेला.

कर्णा मला ठाऊक तो मांडवातला,
बांबूला बांधलेला, पत्र्याचा, केकाटणारा.
हा लाकडाचा. पोटात वळणं, तोंड भिंतीकडे.
पाठमोरा बोलणार म्हणे.

भवानी पेठेतून मरीन प्लाय आणला, अठरा एमएम,
आणि सहकारनगरच्या त्या तळमजल्यावर सव्वा महिना गेला.
घसा तीन इंचांचा. तिथून पुढे
दर सोळा इंचांना वाट दुप्पट.
माझा सगळा धंदा काटकोनाचा,
इथे एक कड सरळ असेल तर शपथ.
दोन फळ्या फुकट गेल्या. साहेब काही बोलले नाहीत,
फक्त त्या दिवशी चहात साखर कमी होती.

मी विचारलं, घसा एवढा अरुंद कशाला, श्वास कोंडेल की.
त्यांनी तोंडाभोवती हातांचा द्रोण केला
आणि हळूच म्हणाले, ओ.

खोली भरली.

मला वेळवंडीचा काठ दिसला.
पलीकडे आई, तोंडाशी द्रोण,
माझं नाव पाण्यावरून येतंय, जेवायला चल म्हणून,
आणि ती ओरडत नाहीये.
तेवढाच श्वास, तेवढाच घसा.
हवेला नुसतं हातांनी धरलंय,
एकदम सांडू नये म्हणून.
पुढे मी काही विचारलं नाही. कापत गेलो.

बसवायच्या दिवशी कोपऱ्याला गुण्या लावला.
आत कोनात काही नाही, पण पात्याच्या टोकाशी
बोटभर उजेड.
एक्क्याण्णव अंश आणि वर थोडं.
साहेब फरशीवरच बसले.
म्हणाले, कर्ण्याचा शेवटचा भाग आपण केलाच नाही, पांचाळ.
तो या दोन भिंती आहेत.

इंदूताई म्हणाल्या, एका खोक्यासाठी भिंत फोडणार?
आणि बिबवेवाडीला बहिणीकडे गेल्या, चार दिवस.
इस्माईल गवंडी आला, ओळंबा सोडला,
जुना गिलावा खरवडला, नवा चढवला,
जाताना मला बाजूला घेऊन विचारलं,
म्हाताऱ्याचं डोकं ठीक आहे ना?
घरातला तो एकच कोपरा मग कोपरा झाला.

अँप्लिफायर एवढासा. दोन व्हॉल्व, मंद,
निरांजनाएवढी ताकद.
सुई टेकली. आधी पॉलिश पेपरची खरखर,
मग तंबोरे. मग त्यांच्यामागे कुणीतरी
सतरंजीवर मांडी बदलली, आणि खाकरलं.

मी वळून दाराकडे पाहिलं.

साहेब हसले नाहीत.
म्हणाले, ही तबकडी माझ्याकडे एकोणतीस वर्षं आहे.
हा माणूस आज भेटला.

आता ते नाहीत. बिल्डिंगही नाही, तिथे पत्रे ठोकलेत.
उन्मेष बाणेरला, अकराव्या मजल्यावर.
परवा गुण्या घेऊन गेलो त्याच्याकडे.
एका बाजूला काच, सरकणारी. दुसऱ्या बाजूला खांब,
आणि मधे, जिथे कोपरा असायला हवा,
तिथून थेट हायवे दिसतो.
मी म्हटलं, प्लायच्या दोन भिंती उभ्या करून देतो, चार-चार फुटी.
तो म्हणाला, खोट्या?
मी म्हटलं, त्याला टेकायला हवं फक्त.
कळवतो म्हणाला.

तोवर तो माझ्या दुकानात, नाना पेठेत,
पाठ आमच्याकडे, तोंड भिंतीकडे,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
काल शटर ओढण्याआधी सहज गुण्या लावून पाहिला.
आमचाही एक्क्याण्णव.

इस्माईलला फोन लावतोय सकाळपासून.
उचलत नाही.